उपजत, जन्मजात आणि हाडाचा

(शिरपूर जैन येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज पांढऱ्या केसांनी का होईना पण पुन्हा एकदा बाकावर येऊन बसलेल्या माझ्या वर्गमित्रांनो आणि मैत्रिणींनो,

मी जन्मभर मराठीचा मास्तर. मास्तराच्या हाती माइक देणं धोक्याचं असतं हे ठाऊक असूनही संयोजकांनी हे धाडस केलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पाठ पस्तीस मिनिटांचा असतो. मी त्याच्या आत आवरतो.

विषय मला संयोजन समितीच्या पत्रानंच दिला. आपण सगळ्यांनी वर्गणी काढून शाळेत दरवर्षी एक पुरस्कार द्यायचं ठरवलं आहे. फार चांगली गोष्ट. पत्रात त्याचं वर्णन असं आहे : 'उपजत गुणवत्ता असलेल्या एका विद्यार्थ्यास'. मी त्या 'उपजत'पाशी थांबलो. मास्तर माणूस शब्दापाशी थांबतोच. पण हा शब्द नुसता निबंधातला नाही राजेहो. पोरांच्या आयुष्याचे निकाल तो लावतो. म्हणून आज त्या एका शब्दावर आणि त्याच्या भाऊबंदांवर बोलतो.

आधी शब्दाचं घराणं बघू. 'उपजणे' म्हणजे जन्माला येणे. संस्कृतात 'उत्पद्यते', प्राकृतात 'उप्पज्जइ', आणि आपल्याकडे 'उपजणे'. त्यातून 'उपजत', म्हणजे जन्मतानाच सोबत आलेलं. आपल्या म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात, 'हे पोट्टं उपजलं तवा लय पाऊस होता.' शेतात येतं त्यालाही हिंदीत 'उपज' म्हणतात. शास्त्रीय संगीतातही 'उपज' आहे. गवई रागाची चौकट सांभाळून ऐन मैफिलीत जी नवी जागा काढतो, ती उपज. गंमत बघा, उपज म्हणजे जन्मणं, पण गाण्यातली उपज रियाजाशिवाय येत नाही. वीस वर्षं तानपुऱ्याशी बसावं तेव्हा ती एका क्षणात जन्मते. शब्दानं स्वतःच सांगून ठेवलं आहे की काही गोष्टी खूप उशिरा उपजतात.

आता त्याचे भाऊबंद. 'जन्मजात' हा त्याचा थोरला भाऊ, जरा कडक स्वभावाचा. हा शब्द बहुधा वैराला आणि व्यंगाला चिकटतो. सापमुंगसाचं जन्मजात वैर, जन्मजात हृदयविकार, जन्मजात बहिरेपणा. 'जन्मसिद्ध' हक्काबरोबर येतो आणि लोकमान्यांनी त्याचं नातं स्वराज्याशी लावून दिल्यापासून त्याला मान आहे. 'पिढीजात' जमिनीला, धंद्याला आणि आपल्या भागात कर्जालाही लागतो. 'अंगभूत' निर्जीव वस्तूलाही चालतो. लिंबाचा कडूपणा अंगभूत. 'जात्या' किंवा 'जात्याच' हा शब्द स्वभावाला लागतो : जात्याच अबोल, जात्याच हूड. तो 'जाति' शब्दाचं संस्कृत रूप, अर्थ 'जन्मानं'. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मात्र त्याचा अर्थ लिहिला होता, 'जात्यावर दळताना आलेला'. मी तिला अर्धा गुण दिला. तो का दिला, ते पुढे सांगतो.

आणखी दोन शब्द खास आपल्या मराठीचे. एक 'बाळकडू'. तान्ह्या लेकराला उगाळून देतात ते कडू औषध. 'त्याला कुस्तीचं बाळकडू मिळालं' असं आपण म्हणतो. म्हणजे पोटातून घेऊन आला नाही, पण इतक्या लवकर पाजलं की उपजतच वाटावं. दुसरा शब्द 'हाडाचा'. हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक, हाडाचा कलावंत. ऐकायला वाटतं की हाडातच होतं, जन्मापासून होतं. पण विचार करा, हा शब्द आपण कधी कोणाला पाळण्यात लावला आहे का? 'हाडाचा शिक्षक' म्हणतो ते निवृत्तीच्या सत्कारात! तीस वर्षं खडूची धूळ खाल्ल्यावर समाज ते प्रमाणपत्र देतो. नाव जन्माचं, पण मिळतं कष्टानंतर.

आणि 'सहज' या शब्दाचं काय झालं बघा. सह म्हणजे सोबत, ज म्हणजे जन्मलेला. सहज म्हणजे सोबत जन्मलेलं, अगदी 'उपजत'चाच अर्थ. आज आपण म्हणतो, 'सहज आलो होतो', 'सहज जमलं'. सोबत जन्मलेलं याचा अर्थ होता होता 'बिनकष्टाचं' झाला. घोळ नेमका इथेच आहे. ज्याला जमतं त्याला ते सोपं जात असणार, आणि ज्याला कष्ट पडतात त्याच्यात ते नसणारच, असं आपण धरून चालतो. चौथीतलं पोरगं भागाकाराला अडलं की लगेच ठरतं, 'याच्या डोक्यात गणित नाही.'

या प्रश्नाचा निवाडा करायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपलं जिल्ह्याचं गाव वाशिम, म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य करणारा. पुढे इसवी सन 900च्या सुमारास राजशेखर नावाचा मोठा पंडित झाला. कनौजच्या दरबारात तो राहिला, पण घराण्याचं नातं महाराष्ट्राशी होतं. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक गोड कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला वश करायला साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. म्हणजे साहित्यशास्त्राच्या पुराणात काव्य आणि विद्या यांचं लग्न आपल्या वाशिमात लागलं आहे. आपण सगळे मुलीकडचे की मुलाकडचे ते तुम्ही ठरवा.

त्याच राजशेखरानं प्रतिभेचे प्रकार सांगितले. लिहिणाऱ्याची प्रतिभा तीन तऱ्हेची. पहिली सहजा, म्हणजे पूर्वजन्मीच्या संस्कारानं आलेली. दुसरी आहार्या, म्हणजे याच जन्मी अभ्यासानं मिळवलेली. तिसरी औपदेशिकी, म्हणजे कोणाच्या उपदेशानं लाभलेली. शिवाय चांगल्या वाचकाची, रसिकाचीही एक वेगळी प्रतिभा त्यानं मानली, तिला तो भावयित्री म्हणतो. विचार करा, अकराशे वर्षांपूर्वीच्या पंडितानंसुद्धा उपजत प्रतिभेला एकटीला गादीवर बसवलं नाही, शेजारी कमावलेल्या प्रतिभेलाही जागा दिली. त्याच ग्रंथात तो म्हणतो की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होतात, कारण संस्कार आत्म्यात राहतो, त्याला बाई आणि पुरुष हा भेद ठाऊक नसतो. आपली बायको अवंतिसुंदरी हिची मतंही तो आदरानं नोंदवतो. आणि आपल्याकडे अजून ऐकू येतं की मुलींना उपजतच स्वयंपाकाची आवड असते आणि गणित त्यांचा प्रांत नाही. वाशिमला लग्न लावणाऱ्या त्या पंडितानं हे ऐकलं असतं तर त्यालाही नवल वाटलं असतं.

त्याच्या आधीचा दंडी म्हणतो की जन्माची प्रतिभा नसली तरी वाचन आणि यत्न यांनी वाणीची सेवा केली तर ती काहीतरी कृपा करतेच. नंतरच्या मम्मटानं तीन गोष्टी सांगितल्या : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. आणि तिन्ही मिळून काव्याचा 'हेतू' म्हणताना त्यानं एकवचन वापरलं. तीन कारणं नाहीत, तिघांचं मिळून एक कारण. तिपाईचा एक पाय काढून घेतला की कोणता पाय महत्त्वाचा होता हे विचारण्यात अर्थ नाही. व्याकरणाचं एकवचन इतकं मोठं काम करतं, म्हणून व्याकरणाचा तास चुकवू नये असं मी पोरांना सांगत आलो.

आपलं गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. इथे वाढलेल्याच्या कानावर जैन तत्त्वज्ञानाच्या दोन गोष्टी न कळत पडलेल्या असतात. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना पूज्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात सम्यक् दर्शन दोन वाटांनी येतं असं सांगितलं आहे : निसर्गानं किंवा अधिगमानं. म्हणजे आपोआप, नाहीतर शिकून, ऐकून, समजून घेऊन. दोन्ही वाटा खऱ्या, दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात. हिंदीतल्या शिक्षणशास्त्रात शिकण्याला आजही 'अधिगम' हाच शब्द आहे. दुसरी गोष्ट अशी की तीर्थंकर जन्मतःच मती, श्रुत आणि अवधी या तीन ज्ञानांसह येतात अशी श्रद्धा आहे. यापेक्षा मोठं उपजत ते काय असणार! तरी महावीरांनी तिसाव्या वर्षी घर सोडलं आणि साडेबारा वर्षं तप केलं, तेव्हा केवलज्ञान झालं. तीन ज्ञानं घेऊन आलेल्यालाही शेवटचं ज्ञान कमवावं लागलं. मग आपल्या पोरांनी सहामाहीत पहिला नंबर आला नाही म्हणून हातपाय का गाळावेत?

आता त्या मुलीचा अर्धा गुण. 'उपजत प्रतिभा' म्हटलं की आपण बहिणाबाई चौधरींचं नाव घेतो, आणि योग्यच आहे. जन्म 1880, खान्देशातल्या आसोद्याच्या, अक्षरओळख नाही. 1951 साली त्या गेल्या आणि त्यांनी रचलेली गाणी पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. शाळा नव्हती हे खरं, पण शिक्षण नव्हतं असं म्हणता येईल का? पहाटे जात्यावर ओव्या होत्या. ओवीचा छंद, यमक, चाल हे सगळं त्या पिढीतल्या बाईच्या कानावर रोज पडत होतं आणि तोंडावाटे रोज फिरत होतं. शेत होतं, देऊळ होतं, कीर्तन होतं. बहिणाबाई जात्याच कवयित्री होत्या की जात्यावर झाल्या? दोन्ही. म्हणून त्या मुलीला अर्धा गुण. खरं तर आणखी पाव द्यायला हरकत नव्हती.

इथवर गोडीगुलाबीचं झालं. आता या शब्दाची कडू बाजू.

'उपजत' हा शब्द जसा हुशारीला लागतो तसा तो गुन्ह्यालाही लावला गेला आहे, आणि तोही कायद्यानं. इंग्रज सरकारनं 1871 साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, 1911च्या कायद्यानं देशभर लागू करता येऊ लागला. त्याचा अर्थ इतकाच की अमुक जमातीत जन्माला आलात म्हणजे तुम्ही गुन्हेगार. चोरी केली का, साक्षीदार कोण, असले प्रश्नच नाहीत. जमातींच्या याद्या झाल्या, लोकांची नोंदणी झाली, बोटांचे ठसे घेतले गेले, पोलिसांकडे हजेरी लागू लागली. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणातली वसाहत होती, तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत. आपण ज्या शब्दाला 'हजर बाई', 'हजर गुरुजी' म्हणून उत्तर दिलं तोच हजेरी शब्द त्या लोकांच्या कानात काय वाजत असेल! आपली हजेरी शिकण्यासाठी होती. त्यांची हजेरी जन्माला आल्याबद्दल होती.

देश 1947ला स्वतंत्र झाला, पण हे लोक 31 ऑगस्ट 1952ला. त्या दिवशी तो कायदा रद्द झाला, म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कायदा गेला, शब्द मात्र राहिला. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथेला 1988चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकाचं नावच बघा. जमातीचं नाव आणि चोरीचं नाव एकच. तान्ह्या पोरालाही तेच नाव. आपल्या वऱ्हाडात फासेपारधी समाज आहे. त्यांच्या मुलाच्या शेजारी बसलेल्या पोराची पेन्सिल हरवली की पहिल्यांदा कोणाचं दप्तर उलटं केलं जातं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. 'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! सहज, म्हणजे जणू ते वाक्यही आपल्यासोबत जन्मलं आहे.

हुशारीच्या बाबतीतही जगानं हाच खेळ खेळला. 1869 साली इंग्लंडात गाल्टन यांनी मोठ्या माणसांच्या वंशावळी मांडून सांगितलं की प्रतिभा रक्तातून येते. न्यायाधीशाचा मुलगा मोठा होतो हे त्यांनी दाखवलं. त्या मुलाला कोणती शाळा मिळाली, घरी कोणती पुस्तकं होती, कोणाच्या ओळखी होत्या, याचं वजन मात्र पुरेसं केलं नाही. उलट पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली बुद्धीची चाचणी तयार केली ती कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे कळावं म्हणून. मुलाची बुद्धी ठरलेली आहे, वाढायची नाही, या मताला त्यांचा विरोध होता. पुढे त्याच चाचणीचा बुद्ध्यंक झाला आणि तो पोरांच्या कपाळावर चिकटवला गेला. मदतीसाठी केलेलं माप निकालासाठी वापरलं गेलं.

मी ज्या शाळांत शिकवलं त्यांतल्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. शाळेचं नाव घेत नाही. सहावीत एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. फळ्यावरचं उतरवताना सगळं चुकायचा, शेजाऱ्याच्या वहीत बघायचा म्हणून मार खायचा. प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'जात्याच मंद'. एक वर्ष नाही, सलग दोन वर्षं. पुढे आरोग्य तपासणीची गाडी आली आणि कळलं की पोराला चार हातांवरचं नीट दिसत नाही. चष्मा लागला. पहिल्या दिवशी तो सारखा खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, काय बघतोस रे? म्हणाला, 'सर, झाडाले पानं येगयेगळे दिसून राह्यले.' तो पुढे फार मोठा कोणी झाला असं सांगून टाळ्या घेणार नाही. दहावी झाला, आयटीआय केला, आपल्या पायावर उभा आहे. एवढंच, पण त्या शेऱ्यानं तेवढंही हिरावून नेलं असतं.

मग उपजत असं काही नसतंच का? असतं. मास्तरकी करताना ते मी रोज पाहिलं. एकाच घरातली दोन भावंडं सारखी नसतात. कोणाचा गळा उजवा, कोणाचा हात, कोणाच्या डोक्यात आकडे पटकन बसतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण शेतकऱ्यांची पोरं आहोत, आपल्याला हे दुसऱ्या कोणी समजावायला नको. सोयाबीनचं बियाणं घेताना आपण 'जात कोणती?' असं विचारतोच. जातीला किंमत आहे. पण पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासतो. सत्तरच्या वर उगवले तर ठीक, कमी असेल तर बियाणं वाढवून पेरतो. पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत पेरणीची घाई करत नाही, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकत नाही. आणि एवढं करून तास विरळ दिसलं तर आधी ओल बघतो, खोली बघतो, तणनाशक बघतो; बियाण्याला शिव्या सगळ्यांत शेवटी. सोयाबीनला जेवढा न्याय आपण देतो तेवढा पोराला देत नाही. पोरगं उगवलं नाही की पहिली शिवी बियाण्याला, 'खाण तशी माती'!

आपल्या म्हणींतही दोन्ही पक्ष आहेत. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही एक आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' ही दुसरी. माझं निरीक्षण असं की पहिली म्हण आपण आपल्या घरच्या पोराबद्दल वापरतो आणि दुसरी शेजारच्याच्या. निदान गुरुजनांनी आणि आपण माजी विद्यार्थ्यांनी तरी दोन्ही म्हणी प्रत्येक पोराला सारख्या वाटाव्यात.

म्हणून समितीपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, पुरस्काराच्या वर्णनातून 'उपजत' हा शब्द काढावा. कोण काय घेऊन जन्मला हे तपासायचं यंत्र आपल्याकडे नाही, आणि जे त्यानं कमावलं नाही त्याबद्दल बक्षीस तरी का द्यायचं? पहिल्या नंबराला शाबासकी मिळतेच. आपला पुरस्कार वर्षभरात जो सर्वांत जास्त अंतर चालून आला त्याला द्यावा. पस्तीसवरून साठवर आलेल्याला. दुसरी, या निधीतून दरवर्षी जून-जुलैत पाचवीच्या प्रत्येक मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि लागेल त्याला चष्मा द्यावा. सरकारी तपासणी असते, ती असोच. पण एकही पोर सुटू नये हे आपण पाहावं. तिसरी, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी निवडक दहा मुलांकडून करून घेतली जाते. ती ज्याला बसायचं आहे त्या प्रत्येकासाठी खुली असावी. शिकवायला मी येईन, एसटीचं भाडंही मागणार नाही.

मित्रहो, आपल्या वर्गात कोण उपजत हुशार होतं आणि कोण उपजत ढ, याच्या याद्या तेव्हा पक्क्या होत्या. आज या मांडवात नजर फिरवा. त्या याद्या किती टिकल्या ते तुमचं तुम्हीच ठरवा, मी नावं घेत नाही. जेवणाची पंगत अजून व्हायची आहे. जे टिकलं ते वेगळंच आहे. आज कोणी हाडाचा शेतकरी आहे, कोणी हाडाची नर्स, कोणी हाडाचा मेकॅनिक. ते हाड इथल्या बाकांवर, इथल्या शेतांत आणि आपापल्या घराच्या ओढाताणीत घडलं. पुढच्या पोरांचं हाड घडायला आपल्या निधीचे चार पैसे लागले, तर आपली वर्गणी सत्कारणी लागली असं मी म्हणेन.